सगळं येणारा माणूस

रात्री साडेदहा वाजले, सूनबाई आणि नात झोपल्या, की आमचे चिरंजीव कानाला हेडफोन लावून युद्धावर निघतात. वय वर्षे सदतीस. खेळाचं नाव ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. २००४ साली अमेरिकेत निघालेला हा खेळ जगभरातली माणसं इंटरनेटवरून एकत्र खेळतात. त्याचं जुनं रूप कंपनीनं २०१९ मध्ये पुन्हा काढलं, तेच हा खेळतो. कॉलेजात असताना तो खेळायचा तेव्हा मी दाराबाहेरून ‘वीज जाळू नकोस’ एवढंच म्हणत असे. आता निवृत्तीनंतर झोप कमी झाली आहे, म्हणून त्याच्या मागं खुर्ची टाकून बसतो.

यातली कामाची वाटणी थेट बँकेच्या शाखेसारखी. पाच जणांची टोळी गुहेत शिरते. एक जण टँक, म्हणजे ढाल. राक्षसाचा मार त्यानं अंगावर घ्यायचा. एक हीलर, म्हणजे वैद्य. उरलेले तिघे नुसते मारणारे. प्रत्येकानं सुरुवातीलाच आपला पेशा निवडायचा. चिरंजीवांनी निवडला ड्रुइड. तो अस्वल झाला की ढाल, रानमांजर झाला की मारा, आणि मूळ रूपात वैद्य. म्हणजे हरहुन्नरी.

खेळ रचणाऱ्यांचं गणित असं, की ज्याला सगळं येतं त्याला प्रत्येक गोष्ट तज्ज्ञापेक्षा थोडी कमी यावी. नाहीतर तज्ज्ञाला विचारणार कोण? ऐकायला न्याय्य वाटतं. प्रत्यक्षात सुरुवातीच्या वर्षांत चाळीस-चाळीस जणांच्या मोठ्या मोहिमा निघत, त्यांत ड्रुइडच्या वाट्याला बहुधा मलमपट्टीच येई. अस्वल व्हायला गेला की म्हणत, त्याला आमच्याकडे योद्धे आहेत. आपली विद्या बदलायची तर खेळातलं सोनं मोजायचं, आणि ही फी दर खेपेला वाढत वाढत ५० मोहरांवर जाऊन थांबे. दोन विद्या एकाच वेळी बाळगण्याची मुभा २००९ मध्ये मिळाली, तीही १००० मोहरा भरून!

हे ऐकून मला हसू आलं. थोडं लागलंही.

मी १९८४ साली बँकेत लागलो. क्लिअरिंग, ड्राफ्ट, शेतीकर्ज, वसुली, सगळी टेबलं केली. दर तीन वर्षांनी बदली. कुणी रजेवर गेलं की साहेब माझ्याकडे बघत. ‘तुम्हाला काय, सगळंच येतं.’ हे वाक्य मी वर्षानुवर्षं कौतुक म्हणून ऐकलं. मग एका प्रमोशनच्या मुलाखतीत समोरच्या तिघांपैकी एकानं विचारलं, ‘तुमचं नेमकं क्षेत्र कोणतं?’ बाहेर बसलेल्यांत परकीय चलनवाला होता, कायदेवाला होता, शेती अधिकारी होता. मी म्हणालो, ‘शाखा.’ ते हसले. यादीत माझं नाव आलं नाही. घरी मात्र मी ‘मुलाखत बरी झाली’ असंच सांगितलं होतं. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही म्हण ज्यानं काढली, तो बहुधा कुठल्या तरी निवड समितीवर असावा.

तज्ज्ञांशी माझं भांडण नाही. परकीय चलनाच्या कागदपत्रांत मी एकदा केलेली चूक त्या चलनवाल्यानंच निस्तरली होती. चाळीस माणसं असली की ज्यानं त्यानं आपलं काम चोख करावं हेच बरं. पण चार माणसांच्या शाखेत एक जण तापानं पडला, तर?

खेळात मीटर नावाची एक सोय असते. कुणी किती मारलं ते लढाईनंतर उतरत्या क्रमानं दिसतं. विष कुणी उतरवलं, शाप कुणी काढला, थकलेल्या वैद्याला आपल्याकडची शक्ती कुणी दिली, हे त्या पट्ट्यांवर उमटत नाही. लढाई चालू असताना पडलेल्या सोबत्याला उठवण्याची विद्या मूळ खेळातल्या सगळ्या पेशांत एकट्या ड्रुइडकडे होती. तीही त्या पट्ट्यांवर नाही.

मागच्या महिन्यात चिरंजीवांच्या कंपनीनं एक फॉर्म दिला. प्रत्येकानं आपला एकच विषय निवडून लिहायचा. हा पठ्ठ्या गेली बारा वर्षं तिथं जिथं अडेल तिथं उभा राहिलेला. त्याची बायको म्हणते, काहीतरी लिहून टाक. फॉर्म टेबलावरच होता.

परवा शनिवारी त्यांची ढाल मध्येच पडली. हा रानमांजराच्या रूपात होता. एका कळीसरशी अस्वल झाला, राक्षस अंगावर घेतला आणि दोन-अडीच मिनिटं तसाच उभा राहिला. वैद्य त्याला जेमतेम जिवंत ठेवत होता. मी खुर्चीच्या कडेवर आलो होतो. शेवटी राक्षस कोसळला. मीटर उघडलं. तिघा मारणाऱ्यांत याचं नाव सगळ्यांत खाली.

त्यानं हेडफोन काढले, फॉर्म पुढं ओढला.

‘बाबा, तुम्ही काय लिहिलं असतं?’

‘आता झोप,’ मी म्हटलं. ‘सकाळी चहा घेताना बघू.’