आंबा घाट उतरला की निकाहचा नियम बदलतो

हातकणंगल्यातला निकाह तसा काही मिनिटांचाच. वकील (म्हणजे नवरीचा प्रतिनिधी) आणि दोन साक्षीदार नवरीची संमती घेऊन येतात, काझी मेहेरची, म्हणजे नवऱ्याने नवरीला द्यायची, रक्कम सांगतात, नवरा ‘कबूल’ म्हणतो. जेवणावळ मात्र तासन्‌तास चालते!

अभिजात इस्लामी कायद्यात निकाह म्हणजे ‘अक्द’, करार. एकाचा प्रस्ताव, दुसऱ्याचा स्वीकार आणि साक्षीदार. मेहेरची रक्कम बापाची नव्हे, नवरीची स्वतःची. ती ठरवायची राहिली तरी निकाह टिकतो; मग बापाकडच्या बहिणी-आत्यांना किती मिळाली होती ते पाहून रक्कम धरतात. पण हा नुसता देण्याघेण्याचा व्यवहारही नाही. सुन्नी कायद्याच्या हनफी शाखेचे पंडित संसाराला ऐच्छिक नमाजाहून वरचढ मानतात.

गंमत पुढे आहे. घाटावरचे सुन्नी बहुतांशी हनफी, तर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान शाफिई या दुसऱ्या शाखेचे. हनफी मतानुसार सज्ञान मुलगी स्वतःचा निकाह स्वतः करू शकते. शाफिई मतात वलीशिवाय, म्हणजे बहुधा वडिलांशिवाय, निकाह होतच नाही.

घरात आजीचा निकाहनामा जपलेला असेल तर काढून पाहा. मेहेरच्या रकान्यात किती रक्कम आहे, ते खाली जरूर लिहा.