पाडकामाची पूर्वसूचना शेजाऱ्यांनाही हवी

पावसाळा जवळ आला की सातारा, कराड, सांगली, मिरज या शहरांतील स्थानिक स्वराज्य संस्था धोकादायक इमारतींच्या मालकांना नोटिसा बजावतात. जुने वाडे उतरवले जातात आणि कालांतराने त्यांच्या जागी नव्या इमारती उभ्या राहतात. हे काम आवश्यक आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ज्याची भिंत त्या वाड्याला लागून आहे, त्या शेजाऱ्याला हे केव्हा समजते? पुष्कळदा जेसीबी गल्लीत येऊन उभा राहतो तेव्हाच. पालिकेने आजूबाजूच्या रहिवाशांना पाडकामाची पूर्वसूचना द्यावी काय, या प्रश्नाचा विचार कायदा आणि ख्रिस्ती श्रद्धा अशा दोन्ही अंगांनी करावयास हवा.

आपल्या भागात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसलेल्या साताऱ्याच्या जुन्या पेठांत घरे एकमेकांना खेटून आहेत आणि अनेक भिंती सामाईक आहेत. सांगलीच्या सखल भागात कृष्णेचे पाणी २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये घरांत शिरले. दगडमातीच्या आणि विटांच्या जुन्या भिंती असे पाणी मुरल्यावर कमकुवत होतात. अशा ठिकाणी एका घराचा आधार काढला की दुसऱ्या घराला तडे जाऊ शकतात. शिवाय जुन्या बांधकामाच्या धुळीत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. दमा किंवा क्षयरोगाने आजारी असलेल्या व्यक्तीला, तान्ह्या बाळाला, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला ही धूळ अपायकारक ठरते. एक दिवस आधी कळले, तर अशा व्यक्तीला नातलगांकडे हलवता येते. न कळले, तर दारे-खिडक्या लावून बसण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सांगली-मिरज-कुपवाड शहर महानगरपालिकेला लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार पडायला आलेली इमारत उतरवण्याचा आदेश आयुक्त देऊ शकतात. हे कलम केवळ त्या इमारतीत राहणाऱ्यांचाच नव्हे, तर जवळून जाणाऱ्यांचा आणि शेजारच्या वास्तूंना असलेल्या धोक्याचाही विचार करते. मात्र लेखी नोटीस जाते ती मालकाला किंवा त्या इमारतीतील भोगवटादाराला. म्हणजे धोका शेजाऱ्याचाही मानला आहे, पण सूचनेचा मान त्याला दिलेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठापुढील निकालात पाडकामाविषयी सविस्तर निर्देश दिले. नोंदणीकृत टपालाने कारणे दाखवा नोटीस, तिची प्रत इमारतीवर चिकटवणे, किमान १५ दिवसांची मुदत, मालकाचे म्हणणे ऐकून घेणे, पाडकामाचे चित्रीकरण करणे, असे ते निर्देश आहेत. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग किंवा नदीपात्रालगतच्या अनधिकृत बांधकामांना ते लागू नाहीत. नागरिकाचे घर मनमानीने पाडले जाऊ नये, हा त्यांचा हेतू आहे. परंतु येथेही संरक्षण मिळते ते ज्याचे घर पाडले जाणार आहे त्याला. शेजाऱ्याचा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

तरीही शेजारी अगदीच निराधार आहे असे नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ नुसार लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची माहिती शासकीय संस्थेने स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते आणि त्यासाठी सूचनाफलक, वृत्तपत्रे, जाहीर घोषणा यांचा मार्गही तो कायदा सांगतो. तसेच ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाज करणारी बांधकाम यंत्रे चालवण्यास मनाई आहे.

मोठ्या कामांच्या बाबतीत लोकांना आधी कळवले जातेच. २०२२ मध्ये पुण्यातील चांदणी चौकाचा पूल स्फोटकांनी पाडताना परिसर मोकळा करण्यात आला आणि वाहतूक आधीच जाहीर करून थांबवण्यात आली. २०२३ मध्ये कराडच्या कोल्हापूर नाक्यावरील उड्डाणपूल आणि सांगलीतील चिंतामणीनगरचा रेल्वेपूल पाडण्यात आले, तेव्हा वाहतूक वळवावी लागली. महामार्ग अडणार असला की सूचना निघते, गल्लीतील वाडा उतरवताना मात्र कोणाची वाहतूक अडत नाही, म्हणून कोणाला काही सांगितले जात नाही. वाहनांना मिळणारी सूचना माणसांना मिळू नये, ही विसंगती आहे.

इंग्लंडमध्ये १९८४ च्या इमारत कायद्यानुसार पाडकाम करणाऱ्याने स्थानिक परिषदेला लेखी सूचना द्यावी लागते आणि तिची प्रत लगतच्या इमारतींतील रहिवाशांना द्यावी लागते. परिषदेचे उत्तर येईपर्यंत किंवा सहा आठवडे उलटेपर्यंत काम सुरू करता येत नाही. ही परवानगी शेजाऱ्याच्या संमतीवर अवलंबून नसते. त्याला केवळ माहिती मिळते.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे नेमका हाच आक्षेप घेतला जातो. शेजाऱ्यांना कळवले तर ते अडथळे आणतील, जुनी भांडणे उकरून काढतील, असे म्हटले जाते. ही भीती अनाठायी नाही. परंतु सूचना म्हणजे नकाराधिकार नव्हे. दुसरा आक्षेप असा की, भिंत आजच कोसळण्याच्या बेतात असेल तर १५ दिवस थांबायचे कसे? थांबू नयेच. तेथे ध्वनिक्षेपकावरून दिलेली एक तासाची सूचनाही प्राण वाचवू शकते. पूर्वी दवंडी पिटली जात असे. आज रोज सकाळी गल्लोगल्ली फिरणारी घंटागाडी तेच काम विनाखर्च करू शकते.

केवळ सूचना पोहोचली म्हणजे कर्तव्य संपले, असेही नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ५ जून २०१३ रोजी पाडकाम चालू असलेल्या इमारतीची आधार नसलेली भिंत शेजारच्या एकमजली दुकानावर कोसळली आणि सात जणांना प्राण गमवावे लागले. हे दुकान सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचे होते. धोक्याविषयी मालकाच्या बाजूने संस्थेशी पत्रव्यवहार झाला होता, तरी त्या दिवशी दुकान उघडेच होते. सूचना कार्यालयात अडकली की ती असून नसल्यासारखी होते. जुन्या शाळा, वसतिगृहे आणि सभागृहे सांभाळणाऱ्या आपल्या धर्मग्रामांनीही यातून बोध घ्यावा.

पवित्र शास्त्रात अनुवादाच्या २२ व्या अध्यायात एक साधा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा बांधावा, म्हणजे कोणी खाली पडून त्या घरावर रक्तपाताचा दोष येणार नाही. घर माझे, धाबे माझे, तरी त्यावरून पडणाऱ्याची जबाबदारीही माझीच. पाडकामाची पूर्वसूचना हा आजचा कठडाच होय. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रात, ज्या प्रकल्पाचा परिणाम स्थानिक लोकांवर होणार आहे त्याची पूर्ण माहिती त्यांना मिळावी आणि चर्चेत त्यांना विशेष स्थान असावे, असे आवर्जून सांगितले आहे.

तेव्हा आपण काय करावे? सातारा नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना आणि सांगलीच्या आयुक्तांना रहिवाशांनी एकत्रितपणे निवेदन द्यावे. पाडकामाची तारीख व वेळ, ठेकेदाराचे नाव व दूरध्वनी, यंत्राने की हाताने काम होणार, राडारोडा कोणत्या वाटेने जाणार, पाणी-वीज केव्हा बंद राहील, एवढी माहिती लगतच्या घरांना लेखी आणि गल्लीत फलकावर मिळावी, ही मागणी अवाजवी नाही. काम सुरू होण्यापूर्वी शेजाऱ्यांच्या भिंतींची छायाचित्रे काढून ठेवली, तर पुढे नुकसानभरपाईचा वाद टळतो.

कायदा बदलेपर्यंत वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. आपल्या धर्मग्रामात जुनी खोली किंवा आवाराची भिंत पाडावयाची असेल, तर धर्मग्राम परिषदेने आधी शेजारच्या प्रत्येक दारी जाऊन सांगावे, मग ते घर कोणत्याही धर्माचे असो. तसेच आपल्या गल्लीतील पाडकामाची बातमी ज्याला प्रथम कळेल, त्याने एकट्या राहणाऱ्या आजीआजोबांपर्यंत ती त्याच दिवशी पोहोचवावी. शेजारप्रीतीची आज्ञा पाळण्यासाठी पालिकेच्या ठरावाची गरज नाही.