पिवळ्या पुस्तकाचा संघ

धरमशालेत वरच्या अंगाला तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज ही शाळा आहे. ग्यालयुम चेन्मो सुवर्णचषकाचे सामने लागले की तिच्या मैदानाच्या पायऱ्यांवर बसायला जागा मिळत नाही. दलाई लामांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ १९८१ मध्ये सुरू झालेली ही फुटबॉल स्पर्धा. कर्नाटकातल्या बायलाकुप्पे-मुंडगोडपासून थेट हिमालयापर्यंत जिथे जिथे तिबेटी वसाहती आहेत, तिथली पोरं हिच्यासाठी वर्षभर पाय शिवशिवत ठेवतात. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावलाही अशी एक वसाहत आहे, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक असतं.

तिबेटच्या राष्ट्रीय संघासाठी पोरं हेरायची ती मुख्यतः इथेच. फिफाच्या २११ सदस्यांत तिबेट नाही. हा संघ खेळतो तो ज्यांना फिफाचं दार बंद आहे अशांच्या स्पर्धांमध्ये. निवड करणाऱ्या मंडळींशेजारी बसून मी सामने पाहिले. त्यांच्यापैकी एकाच्या वहीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने होते. एक खेळाचा, दुसरा कागदांचा. डावीकडून सुसाट निघालेला एक विंगर बघून मी टाळ्या वाजवल्या, तर ते शांतपणे म्हणाले, “चांगला आहे. पण आयसी नाही.”

आयसी म्हणजे भारत सरकार तिबेटी निर्वासितांना देतं ते ओळखपत्र, पासपोर्टाच्या आकाराचं. पिवळ्या रंगामुळे सगळे त्याला यलो बुक म्हणतात. ते मिळवायला आधी आरसी हवी, म्हणजे भारतात राहण्याच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, आणि तीही मुदतीत नूतनीकरण केलेली. यलो बुक हाती आलं तरी काम संपत नाही. त्यावर भारतात परत येण्याची मुभा देणारा शिक्का लागतो. देश सोडण्याची परवानगी लागते. मग व्हिसा, आणि व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्याला पटवायचं की हा मुलगा सामना खेळून परत येईल. ज्याच्याकडे कुठल्याच देशाचं नागरिकत्व नाही त्याच्याबद्दल हे पटवणं किती अवघड, याची कल्पना पासपोर्ट खिशात घालून फिरणाऱ्या मला तोवर नव्हती.

संध्याकाळी एका खोलीत हे कागदांचं काम चाले. टेबलावर झेरॉक्सचे गठ्ठे, फोटो, बँकेची पासबुकं. सर्वात जास्त वेळ खायची ती नावं. तिबेटी माणसाला बहुधा आडनाव नसतं, आणि दलाई लामांकडून नाव घेतलेल्या मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या तेन्झिन आहेत. अकरा जणांत पाच-सहा तेन्झिन सहज निघतात. मैदानावर त्याचं काही अडत नाही, हाक मारायला टोपणनावं असतात. पण व्हिसाच्या अर्जात आडनावाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. आणि एकाच मुलाचं स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर एक, आरसीवर दुसरं असं असलं की गाडी अडते. खोलीतली तरुण मुलगी प्रत्येक अक्षरावर पट्टी ठेवून दोन कागद ताडून पाहत होती. प्रशिक्षकानं सरावात जितका जीव ओतला असेल तितकाच तिनं या कागदांत ओतला होता, असं मी जबाबदारीनं म्हणतो.

खेळाडू पगारी नाहीत. कुणी हॉटेलात कामाला, कुणी शिकणारा, कुणी थंडीत घरच्यांबरोबर मैदानी शहरांत स्वेटर विकणारा. नागपूर-पुण्याच्या फुटपाथवर ज्यांच्याशी आपण पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो, त्यांच्यातला एखादा आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू असू शकतो. त्या हंगामात सरावाला पोरं गोळा होत नाहीत, हे व्यवस्थापकांनी तक्रार म्हणून नव्हे, पंचांगातली नोंद सांगावी तसं सांगितलं.

या संघाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना ३० जून २००१ रोजी कोपनहेगनमध्ये ग्रीनलँडशी झाला. मायकेल नायब्रँट या डॅनिश तरुणानं तो घडवून आणला. चीननं डेन्मार्कवर दबाव आणला, ग्रीनलँडच्या कोळंबीच्या व्यापारालाही धमकी पोचली. तरीही सामना झाला. तिबेट ४-१ असा हरला. इथे मात्र त्या दिवसाबद्दल बोलताना आकडा शेवटी येतो. आधी येतो तो परक्या मैदानात उघडपणे फडकलेला तिबेटचा हिमसिंहाचा झेंडा.

फिफाचा नियम थोडक्यात असा की आंतरराष्ट्रीय समुदायानं मान्य केलेल्या देशाचीच संघटना सदस्य होऊ शकते. जुन्या इतिहासामुळे इंग्लंड-स्कॉटलंड वेगवेगळे खेळतात, फेरो बेटं १९८८ पासून सदस्य आहेत, पण ही दारं सगळ्यांना उघडत नाहीत. म्हणून २०१३ मध्ये फिफाबाहेरच्या अशा संघांसाठी ‘कोनिफा’ उभी राहिली. पेर-आंदर्स ब्लिंड हे सामी समाजातले गृहस्थ तिचे पहिले अध्यक्ष. स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी संघटना, त्यामुळे प्रवासाचा भार ज्याचा त्यानं उचलायचा.

या बिनदेशी संघांतही सगळे सारखे नाहीत, हे मला इथे कळलं. २०१६ मध्ये अबखाझियात झालेल्या कोनिफाच्या स्पर्धेत अंतिम सामन्यात पेनल्टींवर हरलेला पंजाबचा संघ ब्रिटनमधल्या पंजाबी मुलांचा. त्यांच्या खिशात ब्रिटिश पासपोर्ट. २०१८ ची स्पर्धा लंडनला झाली तेव्हा मैदानावर पोचायला त्यांना देश सोडावा लागला नाही. तिबेटच्या मुलांची स्पर्धा मात्र धरमशालेहून दिल्लीला जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्येच सुरू झाली. सोळा संघांत ते गटातले तिन्ही सामने हरले. ज्या कार्पातल्या संघानं, म्हणजे युक्रेनमधल्या हंगेरियनांच्या संघानं, त्यांना हरवलं तोच पुढे विजेता ठरला. लंडनमधले तिबेटी “बोद ग्यालो”, म्हणजे तिबेटचा विजय असो, असं ओरडत राहिले. मला या पराभवांची मोजदाद करणारे लोक समजत नाहीत. सरावाचे दिवस मोजा, मग गोल मोजा.

मुलींची वाट आणखी बिकट. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या स्पर्धेचं निमंत्रण असूनही तिबेटी मुलींच्या संघातल्या बहुतेकींना अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला. सराव झालेला, निमंत्रण हातात, आणि मुलाखतीच्या खिडकीवर काही मिनिटांत सगळं संपलं. हा अन्याय आहे. मुली सामना हरल्या असत्या तर हरल्या असत्या. पण तिथवर जाण्याचा हक्क त्यांचा होता.

मी निघालो त्या दिवशी संभाव्य खेळाडूंची यादी पक्की होत होती. त्या डाव्या विंगरवरून बराच वाद झाला. आयसीचा अर्ज दिल्लीत, केव्हा सुटेल सांगता येत नाही. त्याच्या जागी कागद पूर्ण असलेला दुसरा घ्या, असं दोघांचं म्हणणं. वहीवाल्या गृहस्थांनी विंगरचं नाव यादीत ठेवलं, खाली राखीव म्हणून दुसऱ्याचं लिहिलं आणि दिल्लीला फोन लावायला घेतला.