वृषणच्छेदन : एका निर्णयाचे तारतम्य

सुरतेच्या पर्वत पाटिया, गोडादरा, लिंबायत या भागांत कापडधंद्यानिमित्त स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांतील वडीलधाऱ्यांनी गावी बैल खच्ची करताना पाहिलेले असते. परंतु त्यावरून मनुष्याविषयी अनुमान काढणे धोक्याचे, कारण माणसात वृषणच्छेदनाचा, म्हणजे वृषण काढून टाकण्याचा, परिणाम स्वभाव मवाळ होण्यापाशी न थांबता अस्थी, रक्त, स्नायू आणि चित्तवृत्ती यांपर्यंत पोचतो.

असे का होते, याचा उलगडा एका प्रयोगाने केला. गॉटिंगेन येथे आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी १८४९ मध्ये खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या उदरात वृषण पुन्हा रोवले, तेव्हा जुने मज्जातंतू तुटलेले असूनही त्यांचा तुरा, आरव आणि झुंजारपणा कायम राहिला. अर्थात वृषणातून रक्तात काही द्रव्य उतरते, हे सिद्ध झाले. १९३५ मध्ये शुद्ध स्वरूपात हाती आलेले टेस्टोस्टेरॉन ते हेच. नसबंदीत केवळ शुक्रवाहिनी बंद होते, हे द्रव्य अबाधित राहते. वृषणच्छेदनानंतर मात्र ते काही तासांतच ओसरते. पौगंडावस्थेपूर्वी ते लोपले तर कंठ फुटत नाही व हातपाय प्रमाणाबाहेर लांबतात. प्रौढ वयात फुटलेला कंठ पालटत नाही, पण अंगाचा दाह, कामेच्छेचा ऱ्हास, रक्तक्षय, ठिसूळ हाडे व कायमचे वंध्यत्व ओढवते.

लाभही नाकारता येत नाही. पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगावर या शस्त्रक्रियेचा उपयोग चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखविला व १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळविले. कित्येक पारलिंगी स्त्रियांना तिच्यामुळे देह व मन यांतील विसंवादापासून दिलासा मिळतो. मात्र किन्नर समाजात बहुचरामातेच्या नावे दाईच्या हातून होणाऱ्या ‘निर्वाण’ विधीत शिश्नही छेदले जात असल्याने रक्तस्राव, जंतुसंसर्ग व मूत्रमार्गाचा संकोच यांचे भय मोठे असते. फौजदारी कायद्यात पौरुषहरण ही जबर दुखापत गणली आहे. तसेच, लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला.

म्हणून ज्याला हा मार्ग पत्करावयाचा असेल त्याने आधी परतीचे उपाय, म्हणजे संप्रेरकरोधक औषधे, वैद्यकीय देखरेखीखाली अजमावावेत. अपत्याची इच्छा असल्यास शुक्राणू गोठवून ठेवावेत, मानसोपचारतज्ज्ञाशी मोकळेपणाने बोलावे आणि पुढे जन्मभर संप्रेरके घेण्याची व हाडांची तपासणी करून घेण्याची तयारी ठेवावी. निर्णयाची मुखत्यारी ज्याची त्याची; सुरी मात्र रुग्णालयातील शल्यविशारदाच्याच हाती असावी.