बोल्टच्या डोक्यावरचा आकडा

बोल्टच्या डोक्यावर ८.८ असे उठवलेले असते. तेलकट काजळी फडक्याने पुसल्याशिवाय ते दिसत नाही, पण ओझ्याचा हिशेब तिथूनच सुरू होतो. पहिला आठ म्हणजे चौरस मिलिमीटरला किमान ८०० न्यूटन ताण सोसून मगच तुटणारे पोलाद. टिंबापुढचा आठ सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० न्यूटनला, ते कायमचे लांबू लागते.

एम २० बोल्ट घेऊ. २० मिलिमीटर व्यासाचा छेद ३१४ चौरस मिलिमीटर भरतो. पण आट्यांच्या खाचा वजा जाता ताण पेलायला उरतात २४५. तरीही मानकाप्रमाणे तो १४७ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५ टन, ओढ सोसून मूळ लांबीवर परत येतो. नटमधले सगळे आटे मात्र सारखे राबत नाहीत. टेकणाऱ्या बाजूचा पहिला आटाच साधारण एक तृतीयांश भार घेतो, म्हणून दुप्पट उंच नट लावून ताकद दुप्पट होत नाही.

मग १५ टन टांगावेत का? मुळीच नाही! त्याच मापाच्या, मऊ पोलादाच्या आय बोल्टला जर्मन मानक सरळ ओढीत फक्त १२०० किलो देते आणि दोन आय बोल्टांवरची स्लिंग ४५ अंशांत तिरपी गेली की प्रत्येकी ८६०. क्रेनचा हिसका, तिरपी ओढ, झिजलेले आटे या सगळ्यांची सोय त्या आकड्यात आहे. ती सोय वापरून टाकणे म्हणजे खाली उभ्या माणसाच्या जिवाशी खेळणे.

नट फिरवून ओझे उचलायचे, तर हिशेब वेगळा. पिच अडीच मिलिमीटर, पाना २५० मिलिमीटरचा. त्याच्या टोकाला २० किलोचा जोर लावला, तर घर्षण नसताना साडेबारा टन उचलले गेले असते. प्रत्यक्षात उचलले जाते सव्वा टनाच्या आसपास. बाकीची मेहनत आट्यांत आणि नटच्या बुडाखाली घासण्यात जाते. ग्रीस लावले की हाच आकडा वाढतो.

पण ते घर्षण वाया गेलेले नसते. लेथ लेव्हलला घेताना फिटर पायाच्या बोल्टला पाव फेरा देतो, मशीनचा तो कोपरा ०.६ मिलिमीटर वर येतो आणि लेव्हलमधला बुडबुडा सरकतो. फिटर पाना काढून पुढच्या पायाकडे वळतो. कोपरा तिथेच राहतो.