काचेचे दृढीकरण : तत्त्व आणि पद्धती

काच मुळातच दुर्बल असते, हा समज पूर्णतः बरोबर नाही. दोषरहित काचेचे सैद्धांतिक सामर्थ्य फार मोठे असते. मात्र तिच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म चिरा ताण पडताच वाढतात व काच फुटते. ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० मध्ये ही कारणमीमांसा मांडली. म्हणूनच काच बळकट करणे म्हणजे या चिरांची तोंडे दाबून धरणे होय. प्रस्तुत लेखात त्याच्या दोन प्रमुख पद्धतींचे विवेचन केले आहे.

१. औष्णिक पद्धती : काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो. गाभा मागाहून आकुंचन पावताना त्या थरावर दाब आणतो. अशी काच साध्या काचेच्या सुमारे चौपट मजबूत असते. ती फुटल्यास धारदार पात्यांऐवजी बारीक, बोथट तुकडे होतात. कापणे वा भोक पाडणे मात्र आधीच उरकावे लागते.

२. रासायनिक पद्धती : सोडियमयुक्त काच सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून ठेवतात. पृष्ठभागातील सोडियम आयनांची जागा आकाराने मोठे पोटॅशियम आयन घेतात व तेथे दाब निर्माण होतो. भ्रमणध्वनीच्या पातळ पडद्यांसाठी ही पद्धत उपयुक्त ठरते.

निष्कर्ष : दृढीकृत काच अभंग नसते, दाबाचा थर भेदणारा ओरखडा तिला फोडू शकतो. तथापि महाविद्यालयाची दारे व प्रयोगशाळा यांसाठी काच निवडताना केवळ जाडी न पाहता तिचे दृढीकरण झाले आहे किंवा नाही, हे पाहणे विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने अगत्याचे आहे.