एक गोष्ट, दोन भाषा



लढाईमुळे किंवा दंगलीमुळे ज्याला आपला देश सोडून पळावे लागते, त्याला निर्वासित म्हणतात. आपल्या महाड तालुक्यात २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून जास्त माणसे गेली. वाचले त्यांची घरे गेली. पण ती माणसे आपल्याच मुलखात राहिली. त्यांचे बोलणे सगळ्यांना कळत होते. निर्वासितांचे तसे नसते. घर जाते, मुलूख जातो आणि शेजाऱ्याला भाषाही कळत नाही. मग त्यांनी आपली हकिगत सांगायची तरी कुणाला?

महाराष्ट्रात असे लोक पूर्वी आले आहेत. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलंड देशाचे सुमारे पाच हजार लोक राहत होते. पुढे त्यांनी आपल्या आठवणी पोलिश भाषेत छापल्या. नंतर त्या इंग्रजीतही आल्या.

१९४७ साली फाळणी झाली. सिंध प्रांत पाकिस्तानात गेला. तेथील पुष्कळ सिंधी लोक कराचीहून बोटीने मुंबईला आले. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत त्यांना जागा मिळाली. ते जवळजवळ एक लाख होते. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर नाव दिले. हे नाव उल्हास नदीवरून पडले. ही नदी आपल्याच जिल्ह्यातल्या कर्जतवरून वाहत जाते.

माझा मामा उल्हासनगरला राहतो. मे महिन्यात मी तिथे गेलो होतो. मामाच्या शेजारी एक सिंधी दादी राहतात. फाळणी झाली तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. त्यांनी सांगितले, "एका बराकीत पुष्कळ घरं. मध्ये गोणपाटाचे पडदे. आई पापड लाटायची. मी डबा घेऊन स्टेशनावर विकायची. मराठी काहीच येत नव्हतं. एकदा नळावर एक बाई ओरडली, पाणी आलं! ते मला लगेच कळलं. आमच्यातही पाणीच म्हणतात."

दादींनी हे सगळे एका वहीत लिहून ठेवले आहे. पण ते अरबी वळणाच्या सिंधी लिपीत आहे. त्या लिपीत ५२ अक्षरे असतात आणि ती उजवीकडून डावीकडे लिहितात. दादींच्या नातवंडांना ती वाचता येत नाही. म्हणजे दादींची गोष्ट घरातच आहे, पण घरातल्यांनाच वाचता येत नाही!

सिंधी भाषा देवनागरीतही लिहितात. म्हणून दादींचा नातू आणि मी मिळून आठ पानांची वही केली. दादी वाचत गेल्या. डाव्या पानावर नातवाने त्यांचेच शब्द देवनागरीत लिहिले. त्याने अर्थ सांगितला, तो मी उजव्या पानावर मराठीत लिहिला. मग दोन्ही पाने दादींना वाचून दाखवली. चुकले तिथे त्यांनी दुरुस्त केले. एक गोष्ट त्यांनी लिहू दिली नाही. ते पान आम्ही कोरे ठेवले. ज्याची गोष्ट असते त्याला विचारूनच लिहावे.

आता गंमत बघा. डावीकडे लिहिले आहे, "हीउ मुंहिंजो घरु आहे." उजवीकडे आहे, "हे माझे घर आहे." दोन्हीकडे "आहे" आहेच की नाही!

कुणी म्हणेल, नुसते मराठीत लिहिले तर काय बिघडले? तसे केले तर आपल्याला गोष्ट कळेल, पण दादींचे शब्द जातील. नुसते सिंधीत लिहिले तर शेजाऱ्यांना कळणार नाही. दोन्ही भाषा समोरासमोर असल्या म्हणजे नातवाला आजीची भाषा मिळते आणि आपल्याला शेजारी कळतो.

आपल्या शाळेत वाडीवरची मुले येतात. त्यांच्या घरी कातकरी बोलतात. ते निर्वासित नाहीत, ते तर इथलेच. पण त्यांची भाषाही आपल्या मराठीच्या पुस्तकात नाही. त्यांच्या आजीने गोष्ट सांगितली तर तिचीही अशीच वही करता येईल. डावे पान त्यांनी लिहावे. उजवे पान लिहायला मी तयार आहे.

दादींच्या वहीची नक्कल या भित्तिपत्रकाखाली सुतळीने बांधली आहे. हात पुसून वाचावी ही विनंती.

इयत्ता चौथी